क्विंटलच्या स्प्रिंगा

माझ्या थोरल्या भावाचा मला अजून राग येतो. तो जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस गेला की मनातलं सोडून द्यावं असं लोक सांगतात. सांगणाऱ्यांना त्याच्याबरोबर एका मोटारसायकलीवर दिवस काढावे लागले नव्हते.

आमची वाटणी झाली तेव्हा सगळं वाटलं गेलं. घराच्या मधोमध भिंत उठली, रान बांध घालून तोडलं, आईची तांब्यापितळेची भांडीसुद्धा दोन ढिगांत गेली. राहिली ती वडिलांची अडीचशे सीसीची मोटारसायकल. ती मधून कापता येत नव्हती आणि आम्हा दोघांपैकी एकही ती सोडायला तयार नव्हता. मामा पंच म्हणून बसले होते. दुपारभर आमचं ऐकून त्यांचं डोकं उठलं आणि त्यांनी निकाल दिला: सोमवार, बुधवार, शुक्रवार धाकट्याची, मंगळवार, गुरुवार, शनिवार थोरल्याची, रविवारी गाडी सामाईक अंगणात पोत्याखाली उभी राहील, कुणी हात लावायचा नाही. दिवेलागणीला गाडी एकानं दुसऱ्याला द्यायची. मामा चहा न घेता निघून गेले.

मला गाडी चैनीसाठी नको होती. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो आणि शाहूवाडीकडची डोंगरातली गावं माझ्याकडे होती. कुणाची गाय माजावर आली की तिथं जाऊन कृत्रिम रेतन करायचं, हे माझं काम. रेताच्या काचेच्या नळ्या बर्फाच्या पेटीत घालून, ती पेटी कॅरिअरला बांधून निघायचं. बांबवडेपर्यंत डांबर, पुढं मलकापूर सोडून आत वळलं की जांभ्या दगडाचा रस्ता, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि भाताच्या खाचरांचे बांध. एसटी जायची तिथं गाई नव्हत्या आणि गाई होत्या तिथं एसटी जात नव्हती. गाडी गेली तर ती गावं जाणार आणि मी कोल्हापुरातल्या कचेरीत टेबलामागं बसणार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

भावाचं काम उलट होतं. तो यंत्रमागाचे सुटे भाग विकायचा, लाकडी धोटे आणि चामडी पट्टे. हातकणंगल्यावरून कबनूरला जायचा, सगळा डांबरी रस्ता. पण त्याची खरी ओळख धोट्यांची नव्हती. तो पैलवान होता. आमच्या पेठेत रीत अशी की मोठ्या मैदानाआधी तालमीतल्या पैलवानांना गुळाच्या अडतीवर न्यायचं आणि गूळ तोलायच्या काट्यावर तोलायचं. एका पारड्यात पैलवान, दुसऱ्यात गुळाच्या तीस-तीस किलोच्या ढेपा. वजन अडत्या मोठ्यानं पुकारायचा आणि जमलेली माणसं टाळ्या वाजवायची. भाऊ ऐन भरात होता तेव्हा तीन ढेपा ठेवल्या तरी त्याचं पारडं खालीच राहिलं, वर दहा किलोचं माप ठेवावं लागलं. अडत्यानं पुकारलं, "क्विंटल." त्या दिवसापासून त्याचं नाव गेलं आणि क्विंटल राहिलं. चहावाला क्विंटल म्हणायचा, न्हावी क्विंटल म्हणायचा. कुस्ती सुटली, लग्न झालं, पोरं झाली, तरी हा क्विंटलच. मी त्याला आण्णा म्हणायचो, वाटणीनंतर काहीच म्हणायचो नाही.

भांडण पेटलं ते स्प्रिंगांवरून. गाडीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक शॉकॲब्सॉर्बर असतो, आमच्याकडे त्याला शॉकप म्हणतात, आणि त्यावर स्प्रिंग बसवलेली असते. वडिलांनी त्या गाडीवरून गुळाच्या ढेपा वाहिल्या होत्या, त्यामुळे मूळच्या स्प्रिंगा दबून गेल्या होत्या. बदलायला हव्या होत्या हे खरं. पण भावानं मला न विचारता, त्याच्या वाराला जाऊन, जाड तारेची नवी जोडी करून आणली आणि बसवली. लाल रंग दिला, जसा काही देवाला शेंदूर लावतोय.

दुसऱ्या दिवशी माझा वार. डांबरावर गाडी बरी चालली. आतल्या रस्त्याला लागलो आणि तिनं मला लाथा घालायला सुरुवात केली. मी अंगानं किडकिडीत, दोन ढेपांचंसुद्धा वजन नाही. त्या स्प्रिंगांना मी बसलोय हे कळतच नव्हतं. दगडावरून जाताना स्प्रिंग दबून चाक वर यायला हवं. इथं स्प्रिंग दबतच नव्हती, त्यामुळे चाकाबरोबर अख्खी गाडी वर उडायची आणि खाली यायची ती भलतीकडंच. पोहोचलो तेव्हा पेटीतल्या सगळ्या नळ्या फुटल्या होत्या. जिच्यासाठी आलो होतो त्या गाईचा मालक पहाटेपासून तिला दावणीला धरून थांबला होता. त्यानं पेटीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्या वाडीदेखत माझी बिनपाण्यानं केली. आता गाय पुन्हा माजावर येईपर्यंत त्याला वाट बघावी लागणार होती. कचेरीत साहेबांनी सांगितलं की पुन्हा असं झालं तर डोंगर दुसऱ्याला देऊ.

संध्याकाळी मी भावाला विचारलं की ही जोडी कुणाच्या वजनाची केलीस. त्यानं बसल्या जागेवरून मान वर केली नाही.

"माझ्या. तुझं काय वजन हाय व्हय? तू बसलास काय न् न्हाई बसलास काय."

त्याच रात्री मी ठरवलं की आपली जोडी आपण करायची.

उद्यमनगरात एका बोळात स्प्रिंगा वळून देणारे एक म्हातारे चाचा होते. अतिशय तिरसट माणूस. सल्ला द्यायचे नाहीत, तार दाखवायचे. गिऱ्हाइकानं सांगायचं, किती जाड, किती वेढे, किती लांब. चुकलं तर गिऱ्हाइकाचं चुकलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पावणं, क्विंटलचा भाऊ न्हवं तुमी?" मी हो म्हटल्यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत असं पाहिलं की तिथून उठून जावंसं वाटलं. मी रागाच्या भरात बारीक तार सांगितली. जोडी बसवली, आणि ती इतकी मऊ निघाली की पेटी बांधून खड्ड्यात गेलो की मागचा भाग खाली आपटायचा आणि सायलेन्सर दगडाला घासायचा. चाचांनी ती परत घेतली नाही.

मग मी शहाणपणानं घेतलं. एक सुतळी घेतली. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, अशी असताना चाकाच्या आसापासून सीटखालच्या बोल्टापर्यंतचं अंतर मोजलं. मग गाडी खाली घेऊन मी वर बसलो, बायकोला सुतळी धरायला लावली आणि एक गाठ मारली. मग पेटी बांधून बसलो, दुसरी गाठ. हे मी वेगवेगळ्या तारांवर करत बसलो. बायको म्हणाली, शेजारी हसतायत. हसू दे म्हटलं. त्यातून मला एवढं कळलं की स्प्रिंग जेवढी दबू शकते त्याचा तिसरा हिस्सा आपल्या वजनानं आणि ओझ्यानं खावा, बाकीचे दोन हिस्से रस्त्यासाठी शिल्लक राहावेत. वजनानं काहीच खाल्लं नाही तर गाडी लाथा घालते, सगळंच खाल्लं तर बूड आपटतं. दुसरं हे कळलं की शॉकपच्या खालची खाचांची रिंग फिरवली तर गाडी वर उचलली जाते, पण तिनं स्प्रिंग कडक होत नाही किंवा मऊ होत नाही. भाऊ शेवटपर्यंत म्हणत राहिला की रिंग फिरवून घे, तुझ्या वजनाची होईल. यावरून आम्ही अंगणात असे भांडलो की भिंतीपलीकडे वैनीनं भांडी आपटली आणि अलीकडे माझ्या बायकोनं.

शेवटी मधल्या जाडीची तार आणि एक वेढा जास्त, अशी जोडी झाली. काळी. तिच्यावर बसून मी पहिल्यांदा डोंगर चढलो तेव्हा एकही नळी फुटली नाही. या जोडीच्या दोन्ही गाठी मी सुतळीवर तशाच ठेवल्या आणि सुतळी हत्यारांच्या पिशवीत टाकली.

आता एक गाडी आणि दोन जोड्या. जुन्या बाजारातून मी दुसरे शॉकप आणले, म्हणजे स्प्रिंग उतरवत बसायला नको; वरचा नट, खालचा नट, शॉकप बाहेर. त्या दिवसापासून दिवेलागणीचा तमाशा सुरू झाला. गाडी देणारा आपली जोडी काढून न्यायचा, घेणारा आपली बसवायचा. एकानं काढताना दुसरा कमरेवर हात ठेवून उभा, काही बिघडवतोय का बघत. काढलेली जोडी जो तो आपापल्या सोप्यातल्या खिळ्याला अडकवायचा. कधी तो पाना लपवायचा, कधी मी. रोज उघडझाक करून बोल्टांचे आटे झिजले. कोपऱ्यावरचा मेकॅनिक गिऱ्हाइकांना आमची गाडी दाखवायचा. मामांनी निरोप पाठवला की दोघांना लाज कशी वाटत नाही. आम्हाला वाटत नव्हती.

भाऊ म्हणायचा, "शेवटाला माझीच जोडी बसंल गाडीवर. लिहून ठेव." मी म्हणायचो, बघू. त्याला गाडी सगळीच्या सगळी हवी होती. मी डोंगर सोडून कचेरीत बसावं याची तो वाट बघत होता, आणि मला ते दिसत होतं. माझंही तसंच होतं. त्याचा व्याप मोडावा, त्यानं एसटीनं कबनूरला जावं, असं मी देवापुढं उभा राहून मागितलं आहे.

असे दोन-अडीच उन्हाळे गेले. मग आजोळाकडून आलेल्या शाहूवाडीतल्या भाताच्या खाचरांची मोजणी निघाली. थंडीचे दिवस, भात कापून झालेलं. मोजणीला दोघा भावांनी हजर राहायचं होतं. मामा आम्हा दोघांना एसटीनं नेणार होते, पण सकाळी स्टँडवर गेलो तर एसटी रद्द. पुढची दुपारी, म्हणजे मोजणीवाला येऊन गेल्यावर. मामांनी दोघांना स्टँडवरच झापलं आणि सांगितलं की मोटारसायकल घ्या आणि दोघं जा, नाहीतर खाचरं घाला चुलीत.

वार बुधवार होता. गाडीवर काळी जोडी होती. भाऊ अंगणात आला तेव्हा त्यानं बनियनवर शर्ट, त्यावर दोन स्वेटर, वर कोट आणि मानेभोवती मफलर असा थाट केला होता. हातात लाल जोडी.

"दोघं बसायचं हाय. ही लाव."

मी म्हणालो, "वार माझा हाय."

"आपटंल की रं."

"आपटू दे."

खरं तर दोघांना मिळून त्याची जोडी जास्त बरी पडली असती, हे मला कळत होतं. पण मला तो आपटायला हवा होता. क्विंटलभर माणूस माझ्या स्प्रिंगांवर बसला की मागचं बूड टेकणार, आणि शाहूवाडीपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्याच्या माकडहाडाला लागणार. तो लाल जोडी परत खिळ्याला अडकवून आला आणि माझ्या मागं बसला. वाटणीनंतर आम्ही पहिल्यांदाच गाडीवर एकत्र बसलो होतो.

डांबरावर काही कळलं नाही. आतल्या रस्त्याला लागलो आणि मी दगड निवडायला सुरुवात केली. इतर वेळी जे चुकवायचो ते सगळे दगड मी त्या दिवशी घेतले. चाकोरीत गाडी घातली, बांधावरून उडवली. कान मागं लावून बसलो होतो, लोखंडावर लोखंड आपटल्याच्या आवाजासाठी. आवाज आला नाही. आणखी मोठा दगड घेतला. तरी नाही. गाडी मऊ बसत होती आणि मऊ उठत होती, पेटी बांधलेली असताना चालते तशीच.

मला आधी स्प्रिंगांचाच संशय आला. प्लग साफ करतो असं सांगून गाडी थांबवली. म्हटलं, उतरू नकोस, बस. तो म्हणाला, उतरत न्हाईच. पायानं जमीन धरून तो गाडीवरच बसून राहिला. मी हत्यारांची पिशवी उघडली, सुतळी काढली आणि त्याला दिसणार नाही असा मागच्या बाजूला बसून माप घेतलं. मग त्याला म्हणालो, आता मीही बसतो, हे टोक बोल्टाला धरून ठेव, चेनचं बघायचंय. त्यानं धरलं, मी बसून खाली वाकलो आणि दुसरं टोक आसाला लावलं.

माझी दुसरी गाठ होती मी आणि पेटी यांची. पेटी, बर्फ, पिशव्या धरून एका ढेपेचं ओझं. आम्ही दोघं बसलो होतो तेव्हाचं माप त्या गाठीच्या फक्त बोटभर खाली आलं. तीन ढेपा आणि वर दहा किलो असते तर सुतळी शेवटाला गेली असती. मी पुन्हा धरली. पुन्हा बोटभर. ही सुतळी मी इतक्यांदा धरली होती की ती मला फसवणार नव्हती. माझ्या मागं बसलेला माणूस दोन ढेपांच्या आतबाहेर होता.

मी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. कोटाच्या कॉलरमधून मफलर निघाला होता आणि त्या मफलरमध्ये मान कुठं होती ते दिसत नव्हतं. गाल बसलेले. कितीतरी महिने मी त्याच्याकडं भांडायला पाहिलं होतं, बघायला पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "वजन किती हाय तुझं?"

"क्विंटल." मग मफलर वर ओढत, "कमी न्हाई."

पुढं मी एकही दगड घेतला नाही. मोजणीच्या ठिकाणी तो एका बांधावरून माझ्याशी तावातावानं भांडला, मीही भांडलो. बांध माझा होता. भांडता भांडता तो मध्येच खाली बसला आणि बसूनच ओरडत राहिला. मोजणीवाल्याला ते अडाणीपणाचं वाटलं असेल.

बातमी माझ्या बायकोनं नळावर काढली. वैनी भिंत उठल्यापासून तिच्याशी बोलत नव्हती. त्या दिवशी घागर तशीच सोडून रडली. साखरेचा आजार. डॉक्टरांनी सांगून वर्ष होऊन गेलं होतं. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं, पायाची जखम भरत नव्हती. तालमीत अंघोळीला जायचं त्यानं बंद केलं होतं, कारण तिथं कपडे काढावे लागतात. वैनीकडून शर्ट आतून दुमडून शिवून घ्यायचा. आणि बाहेर कुणाला सांगितलंस तर घरात राहणार नाही, अशी तिला धमकी.

म्हणजे हा दोन ढेपांचा माणूस वर्षभर क्विंटलच्या स्प्रिंगांवर बसून कबनूरला जात होता. मला पहिल्या दिवशी ज्यांनी लाथा घातल्या त्याच स्प्रिंगा. मला ऐकूनच संताप आला. वजन कमी झालं तर तार बदलावी, एवढी साधी गोष्ट. पण तार बदलायची म्हणजे चाचांच्या दुकानात जाऊन वजन सांगायचं, आणि चाचांच्या दुकानात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पेठेत पोहोचायचं.

मी गेलो. चाचांनी विचारलं, कुणाच्या वजनाला. मी म्हणालो, मेव्हणा हाय एक, तब्येतीनं बेताचा. बरोबर माझ्या जोडीचीच तार घेतली, कारण त्याच्याकडं धोट्यांची पिशवी असायची आणि माझ्याकडं पेटी. लांबी त्याच्या जोडीएवढी ठेवली. जाडी लपत नाही, म्हणून लाल रंग दाट दिला, दोन हात. रविवारी तो पाहुण्यांकडं गेला होता तेव्हा वैनीच्या देखत त्याच्या खिळ्यावरची जोडी उतरवली, स्प्रिंगा बदलल्या आणि परत अडकवली. जुन्या स्प्रिंगा मी माझ्या माळ्यावर वैरणीत टाकल्या.

मंगळवारी तो गेला आणि आला. गाडी देताना माझ्याकडं पाहिलं नाही. गुरुवारी तसंच. मला वाटलं, कळलं नाही. किंवा कळलं आणि बरं वाटतंय. शनिवारी दिवेलागणीला तो अंगणात आला, शॉकप उतरवले आणि ती जोडी माझ्या उंबऱ्यासमोर टाकली. फरशीची कड उडाली. मी बाहेर आलो.

"माझं वजन परत दे," तो म्हणाला.

मी म्हणालो की मला सगळं माहीत आहे. त्याच्या आजाराचं, शर्टांचं. म्हणालो की त्या स्प्रिंगांवर बसून पाठ मोडेल, पायाची जखम वाहते आहे, अक्कल गहाण टाकली आहेस का. बराच वेळ बोललो, आवाज चढला. दोन्ही घरांची दारं उघडी होती आणि कुणी बाहेर येत नव्हतं. तो ऐकून घेत उभा राहिला. हे त्यानं याआधी कधी केलं नव्हतं.

शेवटी मी म्हणालो, "मरशील."

"मरीन की," तो म्हणाला. "पर क्विंटल म्हणून मरीन. तू कोण मला दोन ढेपांचा करनार?"

मी माळ्यावर चढलो आणि वैरणीतून त्याच्या स्प्रिंगा काढून आणून दिल्या. दिल्या म्हणजे फेकल्या. त्यानं त्या उचलल्या, अंगणात बसून चढवल्या आणि उद्या रविवार असूनही शॉकप गाडीला बसवून टाकले. मी मदत केली नाही. त्यानं मागितलीही नसती.

पुढच्या पावसाळ्यात पाय सडला आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. शनिवारी कबनूरहून आला तो गाडी अंगणात लावून आत जाऊन पडला, मग उठलाच नाही, रविवारीच गेला. तालमीतली माणसं खांदा द्यायला आली. ताटी उचलताना चौघेही गुडघ्यात वाकले आणि एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सांभाळून रं, क्विंटल हाय." थोडं पुढं गेल्यावर चौथ्याच्या जागी मी खांदा दिला. ताटीला वजन नव्हतंच. पुढचे दोघं ओझ्यानं वाकल्यासारखे चालत होते आणि मधूनमधून थांबून दम घेत होते. पेठेतली माणसं दारात उभी राहून बघत होती. मग माझ्या लक्षात आलं की पेठेत सगळ्यांना केव्हाच ठाऊक होतं.

सुतक फिटल्यावर मामा आले आणि वैनीच्या संमतीनं म्हणाले की गाडी आता तुझी. रोज तुझाच वार. मी अंगणात गेलो, पोतं काढलं. गाडीवर लाल जोडी होती, शनिवारची. म्हणाला होता तशी त्याचीच जोडी शेवटाला बसली होती. मी पाना घेऊन खाली बसलो आणि वरचा नट ढिला केला, आणि परत आवळला.

घरात त्याचे विकायचे राहिलेले धोटे होते. ते कबनूरला एका मागवाल्याला पोहोचते करायचे होते. मी ते बांधले आणि त्याच जोडीवर निघालो. डांबरी रस्ता आहे, काय होणार असं मनात होतं. हातकणंगल्याच्या अलीकडंच माझ्या कण्यातून कळ निघायला लागली. डांबरावरची ठिगळं, रुळांचं फाटक, पुलाचा सांधा, सगळं खालून थेट मानेपर्यंत. फाटकाच्या पुढं एक चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं गाडी ओळखली. म्हणाला, ही गाडी इथं दिवसाआड थांबायची. पैलवान उतरायचे न्हाईत, टाकीवर डोकं टेकून बसायचे. चहा दिला तर म्हणायचे, इंजान तापलंय, गार होऊ दे.

मी उतरलो. गाडी स्टँडवर लावली. भर रस्त्यात, टपरीवरच्या माणसांदेखत, मी त्याला आईवरून शिवी दिली. आई दोघांची एकच होती, तरी दिली. मग कबनूरला गेलो, धोटे उतरवले, आणि त्याच स्प्रिंगांवर परत आलो.